मुक्या खेचराची चौकशी

हे लिहावं की नाही, यात मी बरेच दिवस घालवले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. माझे वडील एका सरकारी कचेरीत दफ्तरी आहेत. रजिस्टरं बांधणं, फायलींना दोरे ओवणं हे त्यांचं काम. आमच्या घरी कागद पुष्कळ आला, पण त्यावर लिहिणारं कुणी नव्हतं. कॉलेजात गेलेली मीच पहिली. आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते लढाईतून आलेले. मला तर त्या लढाईचा नकाशाही नीट वाचता येत नाही. तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मी त्यांना काका म्हणत असे, इथेही तेच म्हणते. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही.

डमडमला आम्ही राहत होतो ते घर एका बंगाली विधवाबाईंचं. सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. पुढच्या दोन खोल्यांत त्या, मागच्या अंगणाच्या एका कडेला एका खोलीत आम्ही चौघं, आणि समोरच्या कडेला काका एकटेच. बाबांची कचेरी कलकत्त्याला हलली त्या वर्षी आम्ही इथे आलो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा आनंदानं सांगत आले, "समोर मराठी माणूस आहे. साताऱ्याकडचे. पलटणीत होते." मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "जरा वेगळे वाटतात, पण माणूस सज्जन आहे."

वेगळे म्हणजे काय ते आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं. काकांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला घंटी बांधलेली होती. दाराला, बादलीच्या कडीला, सायकलीला, छत्रीच्या मुठीला. त्यांनी एक शेळी पाळली होती, तिच्या गळ्यात तीन. ते अंघोळीला निघाले तरी अंगणातून एखादी बैलगाडी चालल्यासारखं वाटे. गल्लीतली मुलं त्यांना घोंटादादू म्हणत, म्हणजे घंटावाले आजोबा. माशीमांनी सुरुवातीला तक्रार केली असणार, पण आम्ही आलो तोवर त्यांनी हात टेकले होते. "ओ थाकुक," त्या म्हणायच्या. राहू दे ते. "घंटी वाजली की कळतं, म्हातारा जिवंत आहे."

आणि एवढ्या आवाजात राहणारा हा माणूस स्वतः मात्र कुजबुजत बोले. कायम. भाजीवाल्याशीसुद्धा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, यांचा घसा बसलाय. माझ्या आईनं सुंठ-मधाचा काढा करून पाठवला. काकांनी तो पिऊन पेला परत केला आणि तसंच कुजबुजत म्हणाले, "वहिनी, घसा चांगला हाय. डाक्टरनं बी बघितलाय. आवाज हाय, निगत न्हाई."

ते तागाच्या गोदामात गासड्या आवळायला जात. दोराची गाठ मारण्यात त्यांच्यासारखा कुणी नाही असं तिथले लोक म्हणत. मी ते एकदा अंगणात पाहिलं. माझ्या पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी बांधून दिला, आणि तो घरी आल्यावर आम्हाला सोडवेना. बाबांनी, ज्यांचा जन्म दोरे बांधण्यात गेला त्यांनी, अखेर सुरी घेतली.

मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हा माझी मोठी अडचण होती ती माझ्या तोंडाची. वर्गात प्राध्यापकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी माझी जीभ टाळूला चिकटे. घरी तर मोठ्यानं वाचायची सोयच नव्हती. बाबा दमून आलेले, धाकटा भाऊ झोपलेला. मी ओट्यावर बसून मनातल्या मनात वाचत असे. एकदा काका समोर येऊन उभे राहिले.

"पोरी, वाचतीस का झोपतीस?"

"वाचतेय, काका."

"मग आवाज कुठं हाय?"

"मनात वाचतेय."

"मनात काय ऐकाय येणार? आमच्या पडवीत ये. मोठ्यानं वाच."

तेव्हापासून मी त्यांच्या पडवीत बसून वाचू लागले. इंग्रजी पुस्तकं. काकांना त्यातलं अक्षर कळत नसे. ते माझ्याकडे पाठ करून बसत आणि ऐकत. मी अडखळले, थांबले, की लगेच त्यांची मान वळे. चेहऱ्यावर भीती असे. राग नव्हे, भीती. मला हे फार विचित्र वाटे. मी पुन्हा वाचायला लागले की मान परत वळायची. एकदा मी मुद्दाम थांबून पाहिलं, तर ते उठून उभे राहिले आणि अंगणाच्या कोपऱ्यांत बघू लागले, जणू मी समोर बसलेलीच नाही. मी घाबरून म्हटलं, "काका, मी इथेच आहे." त्यांनी नुसती मान हलवली. मी पुन्हा कधी तसं केलं नाही.

माझ्या छत्रीलाही त्यांनी एक घंटी बांधली. वर्गातल्या मुली हसायच्या. मी ती काढून ठेवली, तर त्यांनी अंगणातूनच ओळखलं. "काढलीस?" म्हणाले. "पोरी, हरवलेलं गावायचं तर त्याला आवाज पायजे." मी परत बांधली.

त्या वर्षांत ब्रह्मदेशातून घालवून दिलेले आपले लोक अधूनमधून बोटीनं कलकत्त्याला येत. तिथे दोन-तीन पिढ्या राहिलेले, आणि आता हातात एक बोचकं. बोट आल्याचं कळलं की काका गोदामातून रजा घेत आणि खिदिरपूरच्या गोदीच्या दाराबाहेर जाऊन उभे राहत. एकदा त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, पोरीला घिऊन जाऊ का? तिथं लई कालवा असतो. माझं कुणाला ऐकू जात न्हाई."

आईनं जरा विचार केला आणि मला पाठवलं. आई म्हणाली, "जा. माणूस एकटा आहे."

वाटेत ट्रामच्या दांड्याला धरून काकांनी मला प्रश्न सांगितला. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. ब्रह्मदेशात, चिंदविन नदीच्या पलीकडे राहिलेलं कुणी असेल तर त्यांना विचारायचं, की युद्धाच्या साली तुमच्याकडे एखादं न ओरडणारं खेचर आलं होतं का?

"खेचर?"

"तोंड उघडतं, पर आवाज येत न्हाई. असं."

गोदीच्या दारात माणसं बाहेर पडत होती. म्हाताऱ्या, कडेवर मुलं, डोक्यावर ट्रंका. रडत होते काही. आणि त्यांना हे विचारायचं! काका माझ्या मागे उभे होते. मी मागे बघितलं नाही, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी मी डोळे मिटून हिंदीत ओरडले. एका तामिळ माणसानं थांबून माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला काहीतरी सांगितलं, ती दुःखातही हसली. एक तरुण म्हणाला, "बहेनजी, आमचं घर गेलं, तुम्ही खेचर शोधताय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी पुन्हा ओरडले. का ते मला आज सांगता येणार नाही. बहुधा त्या श्वासामुळे.

असं आम्ही पुष्कळदा गेलो. बोटी कमी झाल्यावर रविवारी बारासातच्या पुढे जाऊ लागलो. ब्रह्मदेशातून आलेल्यांची तिकडे वस्ती झाली होती. तिथली मुलं आम्हाला ओळखू लागली. "खच्चरवाले आए!" असं ओरडत पुढे पळायची. काकांना ते ओरडणं आवडे.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, खेचरच का? माणसाबद्दल का नाही विचारत?"

"माणूस मेला की पुरत्यात, जाळत्यात, इसरत्यात," काका म्हणाले. "लढाईत लई मेले. मुकं खेचर कोण इसरंल?"

म्हणजे एक माणूस होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांना येणारं एक पत्र मी त्याआधीही वाचून दाखवलं होतं, पण त्याचा संबंध मला लागला नव्हता. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या गावाहून एक पत्र येई. शाळामास्तरांच्या अक्षरात, त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचं. खाली दोन ओळी नेहमी त्याच असायच्या. "सरकार काय म्हणतं ते मला नको. भाऊजी, तुम्ही तिथं होता. तुम्ही सांगाल ते मी मानीन." काका ते माझ्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेत आणि घडी घालून ठेवत. उत्तर कधी लिहायला सांगितलं नाही. लढाई संपल्यापासून ते गावी गेलेही नव्हते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि कलकत्त्यात दिवे मालवायचे दिवस आले. पहिला भोंगा झाला तेव्हा संध्याकाळ होती, आई कणीक मळत होती. आम्ही कंदील झाकला. अंगणात अंधार झाला, आणि थोड्या वेळानं मला जाणवलं की काहीतरी चुकतंय. काकांच्या घराकडून आवाज येत नव्हता. इतकी वर्षं ते घर कधी गप्प झालं नव्हतं. वाऱ्यावरसुद्धा एखादी घंटी हलायची.

मी दार उघडून बघितलं. आभाळाचा थोडा उजेड होता. काका अंगणात फिरत होते. एकेका घंटीपाशी जात, तिच्यात चिंधी कोंबत, पुढे जात. बादली. सायकल. दार. घाई नव्हती, चूक नव्हती, पायाचा आवाज नव्हता. आमच्या दारापाशी आले, माझ्या छत्रीच्या घंटीत चिंधी घातली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी "काका" म्हणाले तर त्यांनी तळहात वर केला. त्या हाताची मला भीती वाटली. तो त्यांचा रोजचा हात नव्हता.

मग शेळी ओरडली.

ते तिच्याकडे गेले, गुडघ्यानं तिला भिंतीशी दाबलं आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड आवळलं. नाकासकट. तिचे पाय झडू लागले. ते पुढे बघत होते, कुंपणापलीकडे, जिथे काही नव्हतं.

"अहो भाऊ, मरेल ती!" आई माझ्या मागून ओरडली. "सोडा तिला! भाऊ!"

माशीमाही बाहेर आल्या. "की कोरछो! छेडे दाओ!" काय करतोस, सोड तिला! काकांना काही ऐकू येत नव्हतं. शेवटी बाबांनी आणि आईनं मिळून त्यांची बोटं एकेक करून उकलली. शेळी खाली पडली. जिवंत होती. तिनं तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. नुसती हवा आली.

ते पाहून काका जमिनीवर बसले.

दोन दिवस शेळी ओरडली नाही, आणि दोन दिवस काका जेवले नाहीत. तिच्यासमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घोगरी का होईना ओरडली, तेव्हा ते आमच्याकडे आले आणि आईजवळ चहा मागितला. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. मी ते जमेल तसं लिहिते.

ब्रह्मदेशातल्या लढाईत ते खेचरांच्या तुकडीत नाईक होते. जपान्यांच्या पिछाडीला जंगलात जायचं होतं, दारूगोळा खेचरांवर. खेचर ओरडलं की सगळे मेले. म्हणून निघण्याआधी डॉक्टरनं एकेका खेचराचा गळा कापून आवाज काढून घेतला. खेचराला पाडून धरायचं काम काकांच्या माणसांचं. "माझ्या हातचं एक बी ओरडलं न्हाई पुन्ना," काका म्हणाले. "साहेबानं पाठ थोपटली. मला लई अभिमान वाटला तवा." नंतर ती खेचरं सवयीनं मान वर करायची, जबडा उघडायची, आणि त्यातून वारा यायचा. ओळीनं उभी असली की सगळी एकदम. आपणच बहिरे झालो असं वाटे.

माणसांनाही तोच हुकूम होता. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, काही झालं तरी.

धाकटा भाऊ त्याच तुकडीत होता. काकांनीच त्याला भरती केलं होतं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या मांडीला गोळी लागली. काकांनी त्याला खेचरावर बसवलं आणि पडू नये म्हणून आपल्या हातानं बांधलं. दुसऱ्या दिवशी ओढा उतरताना गोळीबार झाला, बांबूच्या बेटात सगळे पांगले. पलीकडे गोळा झाले तेव्हा ते खेचर नव्हतं.

"अंधारल्यालं नव्हतं. दुपार हुती," काका म्हणाले. "कुठं तरी जवळच असंल. आम्ही उभं राहून ऐकलं. खेचराला आवाज न्हाई. मला हाक मारायचा हुकूम न्हाई. साहेबानं हातानं खूण केली, चला. मी चाललो." त्यांनी पेला खाली ठेवला. "त्यानं हाक मारली का न्हाई, ते मला ठावं न्हाई. मारली आसंल आन् मला आली नसंल. का आली हुती, आन् मी चाललो? आता तेच समजत न्हाई. कधी वाटतं आली हुती."

आई पदर तोंडाशी धरून बसली होती. बाबा म्हणाले, "तुमच्या भावजयीला काय कळवलं?"

"काय कळवू? मेला म्हनू? मी बघितलं न्हाई. जित्ता हाय म्हनू?"

पुढच्या उन्हाळ्यात एक पत्र अवेळी आलं. पडवीत मी ते उघडलं आणि माझा आवाज जाईल की काय असं मला वाटलं. काका पाठ करून बसले होते. थांबायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून वाचत गेले. त्यांची भावजय आजारी होती, मास्तरांनी लिहिलं होतं की फार दिवस नाहीत. तिनं सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं. "भाऊजी, इतकी वर्षं कुंकू लावलं. लोकांनी नावं ठेवली, मी लावलं. आता मला न्यायचं ते हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून न्यायचं, की तसंच, एवढं सांगा. खोटं कुंकू घेऊन मला जायचं नाही. आणि तो असेल तर त्याच्या नावाचं पुसूनही जायचं नाही."

काकांनी तीनदा वाचायला सांगितलं नाही. उठून सदरा घातला. तो रविवारही नव्हता.

आम्ही त्या आठवड्यात चार वेळा वस्तीवर गेलो. मी कॉलेज बुडवलं. चौथ्या दिवशी वस्तीच्या टोकाला एका नव्या झोपडीसमोर एक गोरखाली, म्हणजे नेपाळी, म्हातारी शेण थापत होती. महिन्यापूर्वीच मुलाबरोबर आली होती. मी नेहमीचा प्रश्न मोठ्यानं विचारला. ती थापत राहिली. मग हात थांबले.

"आमच्याकडे होतं की," ती हिंदीत म्हणाली. "सहा वर्षं दुधाचे डबे वाहिले त्यानं. तोंड वर करायचं आणि नुसती हवा. माझा हा मुलगा लहान होता, भिऊन रडायचा. तुम्हाला कसं माहीत?"

काका माझ्या मागून पुढे आले. म्हातारीनं पाट दिला, ते बसले नाहीत. तिचा गोठा गावाबाहेर होता. एका दुपारी ते खेचर आपल्या पायानं आत आलं. पाठीवर एक माणूस. गाठी कुणालाच सुटेनात, विळ्यानं कापल्या. उजव्या हातावर विंचू गोंदलेला होता.

काकांनी मान हलवली. तसाच विंचू त्यांच्या हातावरही होता, जत्रेत दोघा भावांनी एकदमच गोंदून घेतलं होतं.

"जिवंत होता?" मी विचारलं. काकांकडून ते विचारलं जाणार नव्हतं.

"चार दिवस होता. पाय काळा पडला होता. चौथ्या दिवशी, धारा काढायच्या वेळी गेला. आम्ही हिंदूच की, ओढ्याकाठी अग्नी दिला. मुलगा लहान म्हणून माझ्या दिरानं दिला."

काका पुढे वाकले आणि काहीतरी म्हणाले. म्हातारीला ऐकू आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ते विचारतायत," मी म्हटलं, "त्यानं कुणाला हाक मारली का. तिथं, किंवा वाटेत. काही म्हणाला का तो."

"कुठली हाक?" म्हातारी म्हणाली. "आम्हाला वाटलं, खेचरासारखाच मुका आहे. मी रोज सांगायची, भाई, इथे कुणी नाही, शत्रू गेला, बोल. हिंदी कळत होतं त्याला, डोळ्यांवरून दिसायचं. जखम धुताना मला बघवायचं नाही, पण हा गप्प. एकदा माझं पोर रडलं, तर ह्यानं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. असं." तिनं शेणाचं बोट आपल्या ओठांपाशी नेलं. "जाईपर्यंत एक आवाज नाही काढला. एकदासुद्धा नाही."

"एकदा बी न्हाई?" काकांनी विचारलं. हे मात्र तिला ऐकू गेलं.

"नाही, बाबा. मी शेजारीच होते. त्यानं हाक मारलीच नाही."